तूप, कोलेस्टेरॉल आणि मेण एकाच धड्यात का? (११वी बायो)

रंकाळ्याचा_वारा
११वी सायन्सला आहे, बायोमॉलिक्यूल्स चालू आहे. साखरेला साखर जोडली, अमिनो अॅसिडला अमिनो अॅसिड जोडलं, इथपर्यंत कळलं. लिपिडला आलो आणि डोकंच फिरलं. तुपाच्या रेणूला तीन शेपट्या, पेशीच्या पडद्यातल्याला दोन, कोलेस्टेरॉलला तर चार रिंगा, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही मग सगळी एका घरात कशी? टेस्टमध्ये फॉस्फोलिपिडला तीन शेपट्या काढल्या म्हणून मार्क पण गेले. लॉजिक हाय का नुसतं पाठ करायचं?

कट_वाढवा
भावा, लिपिड हे नाव तोंड बघून नाही पडलेलं, वागणं बघून पडलंय. पाण्यात विरघळत नाही, इथर-क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, की टाकलं ह्या घरात. मिसळीचा कट बघ की, मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून तेलाबरोबर वर येऊन बसतो. अ, ड, ई, के व्हिटॅमिनचं पण तेच, गाजराच्या कोशिंबिरीला तेलाची फोडणी उगं नाही देत.

रिटायर_मास्तर
बाळा, शेपट्यांचा हिशोब सोपा आहे. ग्लिसरॉल हा छोटा रेणू, त्याला तीन हात. तिन्ही हातांत फॅटी अॅसिड, म्हणजे कार्बनची लांब साखळी, तीच तुझी शेपटी, दिली की ट्रायग्लिसराइड, म्हणजे तूप, तेल, चरबी. ह्याला पाणी अजिबात नको असतं, म्हणून ते पेशीत थेंब होऊन बसतं आणि पाण्याचं ओझं नसल्यानं साठवायला हलकं पडतं, वर १ ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, साखर-पिठाला ४च. आता तिसऱ्या हातातलं फॅटी अॅसिड काढ आणि फॉस्फेट दे, की झालं फॉस्फोलिपिड. फॉस्फेटला पाणी आवडतं, शेपट्यांना नाही. असे रेणू पाण्यात सोडले की आपोआप दोन ओळी करून उभे राहतात, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. हाच पेशीचा पडदा, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. तू तीन शेपट्या काढल्यास म्हणजे डोकंच उडवलंस, पडदा उभा राहणार कसा? मार्क बरोबर कापले.

गावभागातली_काकू
मास्तर, आमचा पोरगा सांगतोय झाडाचं तेल अनसॅच्युरेटेड म्हणून पातळ राहतं. मग खोबरेल झाडाचंच की, ते डिसेंबरात बाटलीत दगड होतंय आणि शेजारचं शेंगतेल तसंच वाहतंय. आणि पांढरा रस्सा गार झाला की ओठाला चिकटतो तो का?

रिटायर_मास्तर
काकू, झाड की जनावर हे बघायचंच नाही, साखळी बघायची. सरळ साखळ्या, म्हणजे सॅच्युरेटेड, फडातल्या मोळीसारख्या घट्ट बसतात. मध्ये दोन कार्बनांत डबल बाँड आला, म्हणजे अनसॅच्युरेटेड, की साखळीला बाक येतो, मोळी सैल पडते. दोन्ही १८ कार्बनचीच, पण स्टिअरिक अॅसिड ६९ अंशांना वितळतं, एक डबल बाँडवालं ओलेइक १३ ला. मटणाच्या चरबीत स्टिअरिक भरपूर, म्हणून ओठावर थर. शेंगतेलात बाकवाल्या जास्त, ते पातळ. खोबरेल जवळपास ९० टक्के सॅच्युरेटेड, पण त्यातल्या बऱ्याच साखळ्या आखूड, १२ कार्बनच्या, त्यामुळं २४ अंशांच्या आसपासच ते वितळतं. कोल्हापूरच्या थंडीत गोठणारच.

रंकाळ्याचा_वारा
आईशप्पथ, आत्ता कळलं. आणि ते चार रिंगावालं?

कट_वाढवा
कोलेस्टेरॉल त्या शेपट्यांच्या मधी घुसून बसतं, उन्हात पडदा फार पातळ होऊ देत नाही, थंडीत फार कडक होऊ देत नाही. शरीर त्याच्यापासनंच पित्तातले क्षार, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन बनवतंय, ड व्हिटॅमिनचा कच्चा माल पण त्याच वाटेवरचा. लोक उगं त्याला नुसत्या शिव्या घालत्यात. आणि शेंगतेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापतात ते बघून हसू येतं, झाडात ते नावालाच असतंय, काढलं कुठनं?

शिरोळचा_ऊसवाला
मेण राहिलं की राव. उसाच्या कांडीवर बोट फिरवलं की पांढरी पावडर लागते ना, ते मेण. लांब फॅटी अॅसिड आणि लांब अल्कोहोल जोडलेलं, ग्लिसरॉलचा संबंधच नाही. कांडीतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ऊस ते अंगावर घेतो. कारखान्यात रस गाळला की ते प्रेसमडमध्ये, म्हणजे गाळून उरलेल्या गाळात, जातं, आणि आम्ही ट्रॉली भरून परत रानात टाकतो.