मदत हवी आहे: वेरोनाच्या अरेनात 'आयदा', सोबत ७४ वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये बाबांना घेऊन इटलीला जातेय. बाबा ७४ चे, जन्मभर नाट्यसंगीत ऐकलेले, आणि उघड्या आभाळाखाली ऑपेरा ऐकायचा हे त्यांनी वेरोनाच्या अरेनाबद्दल वाचल्यापासून डोक्यात घेतलंय. अरेना म्हणजे रोमन लोकांनी पहिल्या शतकात बांधलेलं आणि अजून गाण्यासाठी वापरात असलेलं उघडं दगडी प्रेक्षागृह, भर गावात, चौकातच उभं. १९१३ साली आयदाचा संगीतकार व्हेर्दी याच्या जन्मशताब्दीला तिथे पहिल्यांदा आयदा झाला आणि महायुद्धांची वर्षं आणि करोनाचं २०२० साल सोडलं तर तेव्हापासून उन्हाळ्यात ऑपेरा होतोच, हे मला तेच सांगतात, रोज जेवताना.

अडचण गुडघ्यांची आहे. सगळ्यात स्वस्त तिकीट वरच्या दगडी पायऱ्यांचं दिसतंय, खालच्या खुर्च्यांचे युरो बघून जरा दचकायला झालं. बाबा म्हणतात मी बसेन पायरीवर, पण ते म्हणणारच, माझ्या खर्चाचा विचार करून. ज्यांनी पायऱ्यांवरून ऐकलंय त्यांनी खरं सांगा, तीन-साडेतीन तास या वयात जमतं का? शिवाय प्रयोग रात्री नऊनंतर सुरू होतो म्हणजे संपेपर्यंत मध्यरात्र उलटणार, मग मुक्काम व्हेनिसला ठेवून परत जाणं वेडेपणाच ना? पाऊस आला तर काय करतात? आणि दुसरा अख्खा दिवस हातात आहे, गाव बघायचंय पण धावपळ न करता.

प्रतिसाद १

ताई, पायऱ्यांचा विचार बाबांसाठी अजिबात करू नका. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या ६८ च्या. पायरी गुडघ्याएवढी उंच, पाठीला टेकू नाही, आणि दिवसभर ऊन खाऊन दगड इतका तापतो की रात्री दहा वाजतासुद्धा खालून ऊब लागते. उशी भाड्याने मिळते, आम्ही दोन-दोन घेतल्या तरी पहिल्या मध्यंतरापर्यंत त्या अवघडल्या. अंधार पडताना पायऱ्यांवर बारीक मेणबत्त्या पेटवायची जुनी पद्धत आहे ती वरून फार सुंदर दिसते हे खरं, पण खाली खुर्चीवर बसूनही मान वळवली की तेच दिसतं. पैसे कुठे वाचवायचे तर हॉटेलात वाचवा, इथे नको.

मुक्काम वेरोनातच करा, शक्यतो पियात्सा ब्रा म्हणजे अरेनाच्या चौकाच्या आसपास, म्हणजे बाहेर पडलात की पाच-दहा मिनिटांत खोलीवर. पोर्ता नुओवा स्टेशन तिथून चालत वीसेक मिनिटं आहे पण मध्यरात्री गाडीच्या भरवशावर राहू नका. पावसाचं म्हणाल तर आमच्या वेळी दुसऱ्या अंकात चार थेंब पडले, लगेच व्हायोलिनवाले वाद्यं छातीशी धरून आत पळाले, लोक मात्र जागेवरून हलले नाहीत, अर्ध्या तासाने परत सुरू. प्रयोग सुरू झाल्यावर पावसाने थांबला तर पैसे परत मिळत नाहीत हे धरून चाला. छत्री नको, रेनकोट न्या.

प्रतिसाद २

गावाबद्दल मी सांगतो. सकाळी अरेना बाहेरून नीट बघा, एका बाजूला चार कमानींचा उंच तुकडा सुटा उभा दिसेल, त्याला 'आला' म्हणजे पंख म्हणतात. बाहेरची अख्खी भिंत पूर्वी तेवढी उंच होती, १११७ च्या भूकंपात पडली, उरलं ते एवढंच. मग व्हिया मात्सिनी या रस्त्याने पियात्सा देल्ले एर्बे या जुन्या चौकात या, तिथे गाड्यांना बंदी असल्यामुळे बाबांना निवांत चालता येईल. लाम्बेर्ती मनोरा ८४ मीटर उंच पण लिफ्ट आहे. रोमिओ-ज्युलिएटमधल्या ज्युलिएटच्या घराची गर्दी माझ्या मते वगळा, ती बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे.

वेळ द्यायचा तर पोंते पिएत्रा या जुन्या पुलाला द्या. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवला, नंतर लोकांनी आदिजे नदीतून दगड काढून तो पुन्हा बांधला. नदीकाठी उभं राहून पुलाकडे बघितलं की काही कमानी पांढऱ्या रोमन दगडाच्या आणि बाकीच्या लाल विटांच्या, असा जोड सरळ दिसतो. पलीकडे कास्तेल सान पिएत्रोच्या टेकडीवर जायला फ्युनिक्युलर म्हणजे दोरीने ओढली जाणारी गाडी आहे, चढ चढायला नको, संध्याकाळी जा. एक सांभाळा, जुन्या गल्ल्यांत गोटे बसवलेत, बाबांना पक्के बूट घाला, चप्पल नको.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार, खालच्या खुर्च्यांचं तिकीट आत्ताच काढलं. बाबांना अजून किंमत सांगितलेली नाही. एकच राहिलं, त्यांना इटालियन येत नाही, कथा आधी सांगून ठेवू की तिथेच कळू दे?

प्रतिसाद १

आधी सांगा, नाहीतर कोण कोणाची मुलगी यातच पहिला अंक जाईल. आणि त्या दिवशी दुपारी त्यांना दोन तास झोपू द्या. शेवटच्या अंकात आयदा आणि तिचा प्रियकर दोघं भुयारात कोंडली जातात आणि गाणं हळूहळू विरत जातं, ते यायला मध्यरात्र होते. सासूबाईंचा नेमका तिथेच डोळा लागला होता, अजून हळहळतात.