माळ्यावर सापडलेली निळी पेटी आणि टपालाने येणारे प्रयोग

गावभागकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सांगलीच्या गावभागातील आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावर दोन वस्तू सापडल्या. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावरचे सारे काही गेले, तरी माळा कोरडा राहिला होता. पहिली वस्तू म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची लहानशी पेटी. तिच्यात एक इंग्रजी पुस्तिका आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली पारदर्शक पातळ फिल्म आहे. तिच्यातून दिव्याकडे पाहिले की दिव्याच्या दोन्ही अंगांना रंगांचे पट्टे दिसतात. पेटीवर ‘सायन्स सर्व्हिस, वॉशिंग्टन’ असे छापलेले आहे. माझे थोरले काका १९६५ च्या सुमारास अमेरिकेत शिकत होते आणि तेथून ते वडिलांसाठी अशा पेट्या पाठवत असत, एवढे मला ठाऊक आहे. दुसरी वस्तू पत्र्याच्या डब्यातील रसायनसंच आहे. त्यातील बाटल्यांची लेबले कसरीने खाल्ली आहेत आणि एका बुचाभोवती जांभळट डाग आहे.

या पेटीची माहिती कोणी देऊ शकेल का? रसायनांचे काय करावे? आणि माझ्या सहावीतल्या मुलीसाठी असे काही आज घरी तयार करता येईल का?

निवृत्त शिक्षक, सातारा

आपल्याकडील निळी पेटी बहुधा ‘थिंग्ज ऑफ सायन्स’ या मालिकेतील असावी. १९२१ साली स्थापन झालेल्या सायन्स सर्व्हिस या संस्थेने १९४० मध्ये ती सुरू केली. वर्गणी भरणाऱ्या मुलांच्या घरी दर महिन्याला टपालाने एक पेटी येई. तिच्यात एकाच विषयाचे काही नमुने आणि ते हाताळून काय पाहावे हे सांगणारी पुस्तिका असे. एका महिन्याला एकच विषय, ही मला या मालिकेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शंभर प्रयोगांचा मोठा संच घरी आला की मुले पहिल्या दोन दिवसांत दहा प्रयोग उरकतात आणि नंतर तो डबा कपाटात जातो. महिनाभर एकच फिल्म हातात असली, तर तीच फिल्म मूल पणतीसमोर धरते, रस्त्यावरच्या दिव्यासमोर धरते आणि फरक शोधू लागते.

ती फिल्म म्हणजे विवर्तन जाळी, म्हणजेच अतिशय जवळजवळ असलेल्या बारीक रेषांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणारी फिल्म आहे. कृपया ती पुसू नका, कारण तिच्यावरील बारीक रेषा बोटाच्या तेलकटपणानेही बुजतात. मुलीच्या हाती मात्र जुनी सीडी द्या. सीडीवरील लगतच्या दोन वळ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते, म्हणजे मिलिमीटरला सुमारे ६२५ रेषा झाल्या. बुटांच्या खोक्याला एका टोकाला अरुंद फट पाडा, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा तिरपा बसवा आणि वरून लहान भोक ठेवून आत पाहा. तारेच्या पिवळ्या बल्बचा पट्टा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग दिसेल, परंतु सीएफएलचा पट्टा तुटक, वेगवेगळ्या रंगांच्या रेघांचा दिसेल. हे आधी मुलीला सांगू नका. सूर्याकडे फिल्म किंवा सीडी धरून कधीही पाहू नये, हे मात्र आधीच सांगा.

रसायनशाळा

पत्र्याच्या डब्याविषयी मी काळजीपोटी थोडे कठोरपणे लिहितो. बाटल्या उघडू नका, वास घेऊ नका आणि मोरीत काहीही ओतू नका. जांभळट डाग पोटॅशियम परमँगनेटचा असू शकतो; या पदार्थावर ग्लिसरीन पडले तर थोड्या वेळात आपोआप पेट घेते. डबा उभा ठेवून छायाचित्रे काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ती दाखवून तेथील प्राध्यापकांच्या सल्ल्याने विल्हेवाट लावा. त्या काळी खेळण्यांत काय काय असे याची कल्पना आज येणार नाही: अमेरिकेत १९५० मध्ये निघालेल्या, गिल्बर्ट या खेळणी कंपनीच्या अणुऊर्जा संचात युरेनियमच्या खनिजाचे नमुनेसुद्धा होते.

तुम्ही पुढे स्वतःची पेटी टपालाने पाठवणार असाल, तर स्फोटक किंवा घातक पदार्थ टपालाने पाठवण्यास १८९८ च्या टपाल कायद्यापासूनच मनाई होती, हेही लक्षात असू द्यावे.

हळदपेठ

सांगलीत राहून पहिली पेटी हळदीची न करणे मला पटणार नाही. लहानपणी मी व्ही.पी.पी.ने एक प्रयोगसंच मागवला होता. पोस्टमनला पैसे मोजून पुडके सोडले, तेव्हा भिंग फुटलेले निघाले आणि पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाचे उत्तर आधीच छापलेले होते. भिंगापेक्षा त्या उत्तरांचे दुःख मला अधिक झाले.

आपण असे करावे. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये मिसळावी, कारण हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. जवळपास गॅस किंवा निरांजन पेटलेले नसावे आणि हे काम मोठ्यांनीच करावे. निवळलेल्या द्रावात गाळणकागद भिजवून सावलीत वाळवावा. उन्हात रंग उडतो. या कागदाच्या पट्ट्यांवर धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकले की त्या तांबड्या होतात आणि लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळ्या होतात. पाकिटात पाच पट्ट्या, सोड्याची पुडी आणि एकच प्रश्न घालावा: हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला आई साबण लावते, तेव्हा डाग लाल का होतो?

गावभागकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रसायनांचा डबा महाविद्यालयातील प्राध्यापकांनी पाहिला असून पुढची व्यवस्था तेच करत आहेत. खोक्याला फट पाडताना पहिल्यांदा ती फार रुंद झाली आणि सारे रंग एकमेकांत मिसळले. दाढीच्या ब्लेडने कापलेल्या दोन पुठ्ठ्यांच्या कडा जवळ आणल्यावर रेघा स्पष्ट दिसू लागल्या. मुलीने हळदीचे पहिले पाकीट कऱ्हाडच्या आतेभावाला टपालाने पाठवले आहे. आपण सुचवलेल्या प्रश्नाखाली तिने स्वतःचा प्रश्न लिहिला: निळ्या साबणानेही डाग लालच का होतो?