तोफांवर आवाज लावा, सुरुवातीवर नको

चायकोव्हस्कीच्या '१८१२ ओव्हर्चर' या तोफांच्या आवाजाच्या वाद्यवृंद-रचनेची हळू सुरुवात ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला आणि तोफांना वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) 'टक्' करून आपटला, असं एकाने विचारलंय. टेलार्क या रेकॉर्ड कंपनीच्या १९७९ च्या ध्वनिमुद्रणात (सिनसिनाटीचा वाद्यवृंद, संचालक एरिक कुन्झेल) हे होणारच. स्पीकर जपण्याचा इशारा कव्हरवरच छापलाय.

आधी तोफांचा भाग अगदी कमी आवाजात लावा. ग्रिल (स्पीकरची पुढची जाळी) काढून कोनकडे (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याकडे) बघत हळूहळू वाढवा, कोन जास्त हलायला लागला की थांबा. मग नॉबला हात लावू नका. आवाज १० डेसिबल वाढवायला दहापट वॅट लागतात: सरासरी १ वॅट असेल तर २० डेसिबल वरच्या तडाख्याला १००. अ‍ॅम्प (अॅम्प्लिफायर) कमी पडला की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि बहुतेकदा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जळतो. पोर्टवाल्या (खोक्याला हवेचं भोक असलेल्या) स्पीकरमध्ये पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खालच्या सुरांना कोनला हवेचा आधार राहत नाही, म्हणून सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारा) हवाच.

एलपीवर (तबकडीवर) सुई उडत असेल तर सुईवरचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) मर्यादेच्या वरच्या टोकाला न्या, १.५ ते २ ग्रॅम दिलं असेल तर २. कमी वजनाने रेकॉर्ड वाचत नाही, उलट सैल सुई खोबणीच्या भिंती खरवडते.

आणि पंखा बंद करा, हळुवार भाग तेवढ्यानेही बराच उघडतो.