माशांच्या नवीन टाकीची सायकल चौथ्या आठवड्यात अडकली: अमोनिया हलत नाही, पीएच पिवळा

दोनफुटी_दादर
टाकी २४ × १२ × १५ इंच. रेती-दगड वजा जाता पाणी अंदाजे ६० लिटर. हँग-ऑन (काठावर टांगायचा) फिल्टर, आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज. झाडं नाहीत, मासे नाहीत. पाणी महापालिकेचं, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारं. हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) टाकूनच भरलंय.

अमोनियम क्लोराइड वापरून फिशलेस सायकल करतोय, म्हणजे मासे सोडण्याआधी अमोनियाचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढवतोय. अमोनिया ४ पीपीएमपर्यंत (लिटरला ४ मिलिग्रॅम) न्यायचा, शून्यावर आला की परत ४, असं चाललं होतं. सुरुवातीचे डोस व्यवस्थित उतरले, नायट्राइट गडद जांभळा झाला. आता आठवडा उलटला तरी अमोनिया ४ वरच ठाण मांडून आहे. नायट्राइट जांभळाच. नायट्रेट ८० च्या आसपास दिसतो. पीएच ७.४ होता, तो आता कार्डावरच्या शेवटच्या पिवळ्या रंगावर, म्हणजे ६.०. चाचणीचं किट एपीआय कंपनीचं, थेंब टाकून रंग कार्डाशी जुळवायचं.

दुकानदार म्हणतो, एवढं मोजू नका, आठ-दहा गप्पी सोडा, पाणी आपोआप सेट होतं. सोबत बॅक्टेरियाची बाटलीही घ्या म्हणतोय. काय करू?

क्षारमापक
गप्पी सोडू नका आणि बाटलीचे पैसेही वाचवा. बॅक्टेरिया आहेत, नाहीतर पहिले डोस उतरलेच नसते. तुमच्या पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवायची ताकद, संपली आहे.

अमोनियाचा नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खातं. हिशोब असा: १ पीपीएम अमोनिया उतरला की केएच (अल्कलिनिटीचं माप) साधारण एक तृतीयांश अंशानं घटतो. तुम्ही दर वेळी ४ टाकत होतात, म्हणजे प्रत्येक डोसला सुमारे १.३ अंश केएच खर्ची. आपल्याकडे भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस. ते मऊच असतं. केएच ३ धरला तर दोन-तीन डोसांत खडखडाट. मग पीएच कोसळतो, ६.५ च्या खाली हे बॅक्टेरिया मंदावतात आणि ६ च्या आसपास जवळजवळ काम थांबवतात. शिवाय पिवळा रंग म्हणजे ‘६.० किंवा त्याहून खाली’. त्या कार्डावर त्याखाली रंगच नाही, तेव्हा प्रत्यक्षात ५.५ ही असू शकेल.

आता करायचं ते असं. ८० टक्के पाणी काढा. रेती वर येईल इतकं काढलं तरी हरकत नाही, फक्त फिल्टरमधला स्पंज आणि रिंग्ज सुकू देऊ नका. नवीन पाणी हायपो टाकून भरा. अमोनिया ०.८ च्या आसपास येईल, नायट्राइटही एक पंचमांशावर. मग खाण्याचा सोडा. ६० लिटरमध्ये केएच १ अंशानं वाढवायला १.८ ग्रॅम लागतो. सपाट एक चहाचा चमचा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम, त्यानं केएच पावणेतीन अंशांनी वर जाईल. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून मगच ओता. धुण्याचा सोडा नको, तो वेगळा, पीएच एकदम वर नेतो. फळांच्या चवीची इनोसारखी पुडीही नको, त्यात सायट्रिक ॲसिड असतं.

केएचचं थेंबांचं किट वेगळं मिळतं, ते घ्याच. ४ ते ६ मध्ये ठेवा, ३ च्या खाली गेला की परत सोडा. पीएच ८ पर्यंत चढला तर घाबरू नका. मासे नाहीत तोवर काही बिघडत नाही आणि बॅक्टेरियांना तिथे आवडतंच.

आणि ४ पीपीएमचा हट्ट सोडा. २ पुरे. ६० लिटरला त्यासाठी ०.३८ ग्रॅम अमोनियम क्लोराइड लागतं. घरच्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, म्हणून ५०० मिलीत १९ ग्रॅम विरघळवून ठेवा: १० मिली म्हणजे २ पीपीएम.

थेंब_थेंब
वरच्या उत्तराशी सहमत, फक्त तुमच्या नायट्राइटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि नायट्रेटच्या तर मुळीच नाही.

१ पीपीएम अमोनियाचा २.७ पीपीएम नायट्राइट होतो. म्हणजे ४ चा एकच डोस पूर्ण उतरला की जवळपास ११. कार्ड ५ ला संपतं. आता जांभळा म्हणजे ६ आहे की ३०, हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. त्यामुळे पाणी पातळ करून मोजा: टाकीचं १ मिली, आरओचं ९ मिली, त्यातलं ५ मिली नळीत, आणि आलेल्या आकड्याला १० नं गुणा. एक मिलीची सुई नसलेली सिरिंज केमिस्टकडे मिळते.

नायट्रेटची चाचणी आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग तोच मोजते. पाण्यात आधीच नायट्राइट भरपूर असेल तर नायट्रेट फुगलेला दिसणार. तुमचे ते ८० बहुतेक असेच. शिवाय नायट्रेटची दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवावी लागते आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट. तळाशी बसलेली पावडर हलली नाही तर उलट घोटाळा, नायट्रेट असूनही पिवळा. रंग खिडकीपाशी, पांढऱ्या भागावर नळी टेकवून बघा. पिवळ्या बल्बखाली अमोनियाचा ० आणि ०.२५ वेगळे ओळखू येत नाहीत.

पाणी बदलल्यावरही नायट्राइट १५ च्या वर आला तर अजून एकदा ५० टक्के बदला. नायट्राइट खूप साचला, त्यात पीएच खाली, की पुढच्या टप्प्यातले बॅक्टेरिया, नायट्रोस्पिरा, दबून राहतात. ते मुळात हळू वाढतात. म्हणूनच सगळ्यांची सायकल नायट्राइटपाशीच रेंगाळते. या काळात अमोनियाचा डोस १ पीपीएम, तोही दोन-तीन दिवसांतून एकदा. पहिल्या टप्प्याचे बॅक्टेरिया त्यावर उपाशी राहत नाहीत.

दोनफुटी_दादर
धन्यवाद. आजच पाणी बदलतो. दोन शंका. माझं अमोनियम क्लोराइड संपत आलंय. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हेच असतं ना? आणि रात्री झोपताना फिल्टर बंद करतो (आईला आवाज सहन होत नाही, आणि वीजबिल), त्यानं फरक पडतो का?

क्षारमापक
पडतो! हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं. बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, स्पंज आणि रिंग्जवर चिकटलेले असतात, आणि त्यांना अमोनियाइतकाच ऑक्सिजन लागतो. फिल्टर बंद झाला की त्या डब्यातलं पाणी जागच्या जागी थांबतं, ऑक्सिजन संपतो. मुंबईच्या उकाड्यात पाणी ३० अंशांवर असलं की त्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. रोज रात्री सात-आठ तास असं केलं तर वाढ अर्धवटच राहणार. सायकल पूर्ण झाल्यावरही हेच लागू.

बिलाचं म्हणाल तर ५ वॉटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी ३.६ युनिट. आवाजाचं कारण बहुतेक वेळा पाण्याची पातळी: हँग-ऑनच्या ओठापर्यंत टाकी भरलेली ठेवा, धबधब्याचा आवाज जातो. घरघर येत असेल तर इम्पेलर (फिल्टरमधला छोटा पंखा) काढून त्याची दांडी आणि खोबणी पुसा, रेतीचा एखादा कण अडकलेला असतो.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण कल्हईचे खडे शुद्ध असतील याची खात्री नाही. त्यात धातूंचे अंश आले तर कोळंबी-शंखांना ते बाधतं. प्रिन्सेस स्ट्रीट किंवा मसजिद बंदरच्या वडगादीत प्रयोगशाळेच्या दर्जाचं विचारा. तुम्हाला लागणारं प्रमाण बघता लहानात लहान डबी आयुष्यभर पुरेल.

स्पंज_पिळा
तुम्ही दोघं रसायनशास्त्रात रमलात, पण सगळ्यात जलद उपाय राहिला. ओळखीच्या कुणाची सहा महिने तरी चाललेली, निरोगी टाकी शोधा. त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर रिंग्ज घ्या आणि तुमच्या फिल्टरमध्ये टाका. तुकडा मिळत नसेल तर त्यांचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. तो तपकिरी गाळ बघून नाक मुरडू नका, त्यात हवे ते बॅक्टेरिया आहेत. केएच सावरलेला असेल तर अशा टाक्या दहा-पंधरा दिवसांत पूर्ण होतात.

नेण्याची पद्धत महत्त्वाची. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बंद डब्यात नेलंत तर मुलुंडहून दादरला येईपर्यंत आतला ऑक्सिजन संपू शकतो. स्पंज फक्त ओला ठेवा, पिशवीत हवा भरपूर ठेवा, उन्हात धरू नका, घरी आल्याबरोबर फिल्टरमध्ये. दुकानातल्या टाकीचा स्पंज मात्र घेऊ नका. तिथे रोज नवे मासे येतात, सोबत व्हाइट स्पॉट आणि फ्लूक्ससारखे परजीवींचे आजारही.

बाटलीबद्दल क्षारमापक यांच्याइतका कडक नाही मी. ताजी आणि थंड जागी ठेवलेली असेल तर मदत होते. पण आपल्याकडे ती मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये उभी असते. मग आत काय जिवंत उरलंय ते देव जाणे.

क्षारमापक
स्पंजाबद्दल मान्य. शोकेसमधल्या बाटलीबद्दलही.

एक भर घालतो. शुद्ध अमोनियम क्लोराइड आणि मऊ पाणी, एवढंच असेल तर कधी कधी फॉस्फेटअभावी गाडी थांबते. फिशफूडची एक चिमूट टाका, काम होतं. मूठ नाही, चिमूट. जास्त टाकलंत तर पाणी दुधाळ होईल. ती पांढरट झाक वेगळ्याच, सडकं खाणाऱ्या बॅक्टेरियांची असते. तिचा सायकलशी संबंध नाही, आपोआप जाते.

थेंब_थेंब
सोसायटीवाल्यांसाठी खास: गच्चीवरची टाकी धुतल्यावर त्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. त्या दिवशीचं आणि दुसऱ्या दिवशीचं पाणी घेऊ नका, तुमचा नेहमीचा हायपोचा डोस कमी पडेल. एरवी १०० मिली पाण्यात १० ग्रॅम हायपोचे खडे विरघळवून त्यातलं १ मिली दर १० लिटरला पुरतं. क्लोरीनचा स्वस्त कागदी पट्टा ठेवला तर अंदाज घ्यावा लागत नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर केएच प्रत्येक वेळी वेगळा येईल, तेव्हा सोडा टाकण्याआधी मोजा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच खळबळवायचा.

दोनफुटी_दादर
पाणी बदललं, सोडा टाकला, फिल्टर आता चोवीस तास. केएच ५, पीएच ७.८, अमोनिया १, नायट्राइट पातळ करून मोजला तर १०. सायकल पूर्ण झाली हे नक्की कधी समजायचं? आणि पहिले मासे कोणते?

थेंब_थेंब
१० चालेल, अजून पाणी बदलू नका. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि असं लागोपाठ दोनदा, की झालं. नुसता अमोनिया शून्य दिसला म्हणून मासे आणायला पळू नका, नायट्राइट त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतो. पाणी स्वच्छ दिसत असतं आणि मासे वर येऊन धापा टाकत असतात.

झाल्यावर ७०-८० टक्के पाणी बदला, नायट्रेट २० च्या खाली आणा. मासे यायला उशीर असेल तर दिवसाआड १ पीपीएम अमोनिया चालू ठेवा, शेवटचा डोस मासे येण्याच्या आदल्या दिवशी.

स्पंज_पिळा
मऊ पाण्यात निऑन किंवा एम्बर टेट्रा, कोरिडोरस, हनी गोरामी बरे. मॉली आणि गप्पींना कडक पाणी मानवतं. गोल्डफिशला ६० लिटर पुरतच नाही, क्रॉफर्ड मार्केटमध्ये कितीही गोंडस दिसले तरी. सायकल २ पीपीएमची केली आहे, त्यामुळे आठ-दहा टेट्रा एकदम चालतील, बाकीचे दोन आठवड्यांनी. पीएच ८ वर अमोनियाचा विषारी भाग ७ च्या तुलनेत जवळपास दहापट असतो, तेव्हा सोड्याचं पाणी त्या मोठ्या बदलात निघून जाऊ द्या आणि पुढे केएच ३-४ वर ठेवा. पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा, मासे जाळीनं घ्या, दुकानाचं पाणी बेसिनमध्ये.

आणि मासे घेताना हातात निळ्या औषधाची बाटली ठेवतील, ‘दोन थेंब टाका, मासे मरत नाहीत’ म्हणून. ते मेथिलिन ब्लू. टाकीत पडलं तर फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं, सिलिकॉनही निळं करतं. कधी वापरायची वेळ आलीच तर वेगळ्या बादलीत.