मदत हवी आहे: कॅफीन बंद केल्यावरची मोजणी पुन्हा शून्यापासून?

सुरंगी
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका एसएनसीयूतलं (आजारी नवजात बाळांच्या कक्षातलं) बाळ. जन्म 29 आठवड्यांचा, आता 35 पूर्ण, वजन 1850 ग्रॅम. श्वास मध्येच थांबू नये म्हणून दिलेलं कॅफीन थांबवून आज सहावा दिवस. काल दुपारी वाटी-चमच्याने दूध देताना हार्ट रेट 84 वर, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 81 वर उतरलं. चमचा थांबवल्यावर दहा सेकंदांत आपोआप सावरलं, पाय चोळावा लागला नाही. ॲप्नियाचा (श्वास थांबल्याचा) अलार्म मात्र वाजलाच नाही. घर राजापूरच्या आतल्या वाडीत, पाऊस धरायच्या आत न्यायचं म्हणतात. घरी सोडण्याआधी असा प्रकार न होता गेलेल्या दिवसांची मोजणी परत सुरू करायची का?

खाडीपलीकडे
अलार्मचं आधी. छातीवरच्या लीड्स छातीची हालचाल मोजतात, नाकातून हवा जाते की नाही ते त्यांना कळत नाही. घसा मिटला तरी बाळ धडपडतं, छाती हलते, मॉनिटरला वाटतं श्वास चालू आहे. शिवाय तो अलार्म बहुधा 20 सेकंदांवर लावलेला असतो. म्हणून पायावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब दूध देतानाही काढू नका, आणि आकडा लिहिण्याआधी वेव्हफॉर्म (नाडीची लाट) नीट येतोय का ते बघा.

मोजणीबाबत प्रत्येक युनिटचा नियम वेगळा, बहुतेक ठिकाणी 5 ते 7 दिवस. झोपेत घडलं किंवा बाळाला हलवावं लागलं तर शून्यापासून. दूध घेताना होऊन आपोआप सावरलं तर बरेच जण मोजणी मोडत नाहीत, पण मग पाजण्याची पद्धत सुधारायला हवी: डोकं वर, मान सरळ, दोन-तीन घोटांनंतर थांबा. एक लक्षात घ्या, या वयात रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण चार दिवस लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांची शांतता फसवी.

आगोट
शांत असलेल्या बाळाला अचानक असं झालं तर आधी तापमान, साखर, हिमोग्लोबिन आणि इन्फेक्शन बघा. अपुऱ्या दिवसांचं आहे म्हणून सोडून देऊ नका. काल आरओपीची (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची) तपासणी किंवा लस होती का? दोन्हींनंतर एक-दोन दिवस असे प्रकार वाढतात.

सुरंगी
आरओपी काल सकाळीच झाली! डोळ्यांचा कागद वेगळ्या फाइलला होता. बाळ गरम आहे, साखर 72, दूध नीट पचतंय. सीबीसी (रक्ताची तपासणी) पाठवते.

खाडीपलीकडे
मग निदान 48 तास मॉनिटरवरच ठेवा. झोपेत काही झालं नाही आणि रिपोर्ट चांगला आला, तर डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा. गाडीत हनुवटी छातीला टेकू देऊ नका असं आईला दाखवून द्या, आणि घरी साडीची झोळी नको, तिच्यात मान दुमडते. पाठीवर, सपाट घट्ट गादीवरच झोपवायचं.