गंगापूर धरणाकाठची पांढरी वाइन

बी-७०४ : नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आपल्या इमारतीतील नऊ जण पहाटे घोडबंदर रोडवरून नाशिकला द्राक्षमळे पाहायला निघत आहोत. ए-३०१ मधील काका नुकतेच तिथे जाऊन आले आहेत. पांढऱ्या वाइनविषयी त्यांनी चार गोष्टी सांगाव्यात, कारण ती 'थंड आणि गोड' असते यापलीकडे आमच्यापैकी बहुतेकांना काही ठाऊक नाही.

ए-३०१ : वहिनी, या दोन्ही शब्दांशी माझे भांडण आहे. आम्ही गेलो त्या ठिकाणी पेला इतका गारठलेला आला की नाकाला काहीच कळेना. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच-सात मिनिटे थांबल्यावर आधी हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि मग पेरूचा वास वर आला. ती होती सॉव्हिन्यॉ ब्लाँ. मिरचीचा तो वास कोणी घातलेला नसतो, त्या द्राक्षाच्या जातीतच असतो. पांढरी वाइन साधारण ८ ते १२ अंशांवर बोलू लागते. त्याखाली ती नुसते गार पाणी.

राहिला गोडवा. रसातील साखर यीस्टने संपवली की वाइन कोरडी होते आणि आंबणे मध्येच थांबवले की गोडवा उरतो, त्यामुळे शेनिन ब्लाँ या एकाच जातीच्या द्राक्षापासून दोन्ही तऱ्हा निघतात. चाखताना कोरडी आधी आणि गोड शेवटी घ्यावी. आम्ही उलटे केले आणि नंतरची प्रत्येक वाइन आम्हाला चिंचेच्या पाण्यासारखी लागली. सॉव्हिन्यॉ आणि शेनिन या दोन्ही जाती मूळच्या फ्रान्समधल्या. सुला या वाइन कंपनीने त्या १९९७ मध्ये नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ लावल्या आणि २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली.

सी-११०२ : काका, बाजारातून आणतो त्या बिनबियांच्या द्राक्षांची वाइन होत नाही का?

ए-३०१ : होते, पण सपक होते, काकू. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. पांढऱ्या वाइनसाठी ते आधी दाबून रस सालीवेगळा करतात आणि तो रस पोलादी टाक्यांत कमी तापमानाला सावकाश आंबवतात. लाल वाइन मात्र सालीसकट आंबते. काढणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास चालते, तेव्हा द्राक्षांचे क्रेट उतरताना पाहायला मिळाले तर सोडू नका.

बी-७०४ : आमचा धाकटा १९ वर्षांचा आहे. त्याला चाखता येईल का?

ए-३०१ : नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याला मळा दाखवा. आणि गाडी चालवणाऱ्याने एकही घोट घेऊ नये. परतीला कसारा घाट आहे.

सी-११०२ : मग माझ्या कोथिंबीर वड्या?

ए-३०१ : सॉव्हिन्यॉशी त्या फार छान जमतील, काकू, पण बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत. एक बाटली ठाण्याला आणू आणि वड्या तेव्हा तळा.