स्कॅटर प्लॉटवरच्या ठिपक्यांना क्रमांक कसे द्यायचे? (पायथन, मॅटप्लॉटलिब)

प्रश्न:
राज्यातल्या ३६ जिल्ह्यांपैकी मुंबईचे दोन गाळून ३४ ठिपके काढलेत. आडव्या अक्षावर पाऊस (मिमी, लॉग स्केल), उभ्यावर भूजल पातळी. प्रत्येक ठिपक्याशेजारी जिल्ह्याचा क्रमांक हवाय. शून्यापासून लूप फिरवून 'टेक्स्ट' लावतोय, एक्समध्ये २० मिळवून. मधेच 'की एरर' येते. त्याआधी जे आकडे उमटतात, त्यातले काही ठिपक्याला चिकटलेले, काही लांब. आणि आकडे देवनागरीत केले की नुसते चौकोन दिसतात.

उत्तर १:
'स्कॅटर'ला ठिपक्यागणिक मजकूर देता येत नाही. त्यातलं 'लेबल' लेजंडसाठी (कडेच्या सूचीसाठी) असतं. तेव्हा लूप हवाच.

एरर पांडासच्या (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) इंडेक्समुळे, म्हणजे प्रत्येक ओळीला चिकटवलेल्या आकड्यामुळे. ओळी गाळल्या तरी उरलेल्यांचे जुने इंडेक्स तसेच राहतात आणि चौकटी कंसात आकडा दिला की पांडास तो इंडेक्स शोधतं, कितवी ओळ ते मोजत नाही. गाळलेल्या आकड्यापाशी लूप पोचला की अडकणारच. 'रीसेट इंडेक्स' करून एरर जाईल, पण क्रमांक सरकतील आणि तक्त्याशी जुळणार नाहीत. ते जास्त वाईट, कारण कळतही नाही. गाळण्याआधीच क्रमांकाचा वेगळा कॉलम करा, मग क्रमांक, एक्स, वाय हे तीन कॉलम 'झिप' करून (ओळीगणिक एकत्र जोडून) फिरवा.

अंतराचं म्हणाल तर लॉग अक्षावर अंतर पटीनुसार पडतं: ५०० मिमीपाशी २० म्हणजे ४ टक्के, ३००० पाशी पाऊण टक्कासुद्धा नाही. 'टेक्स्ट'ऐवजी 'ॲनोटेट' घ्या: 'एक्सवाय'मध्ये ठिपका, 'एक्सवायटेक्स्ट'मध्ये (५, ५), 'टेक्स्टकूर्ड्स'मध्ये 'ऑफसेट पॉइंट्स'. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, स्केल कुठलाही असो अंतर तेवढंच.

उत्तर २:
३४च आहेत तर आकडा ठिपक्याच्या आतच टाका, शेजारी कशाला? 'स्कॅटर'मधलं 'एस' (ठिपक्याचा आकार) २०० ठेवा. हे क्षेत्रफळाचं माप आहे, व्यास त्याच्या वर्गमुळाइतका, साधारण १४ पॉइंट. त्यात ८ पॉइंटचे दोन अंक नीट मावतात. ऑफसेट (०, ०), 'एचए' आणि 'व्हीए' (मजकुराची आडवी-उभी जुळणी) दोन्ही 'सेंटर', गडद ठिपक्यावर पांढरा आकडा. विदर्भातले ठिपके एकमेकांवर चढले तर मात्र हे जमणार नाही.

उत्तर ३:
चढले तर 'ॲडजस्टटेक्स्ट' ही लायब्ररी. तिला ऑफसेटवाला ॲनोटेट देऊ नका. साध्या 'टेक्स्ट'ने ठिपक्यावरच आकडे ठेवा, त्यांची यादी करून तिला द्या, बाकी ढकलाढकल ती करते. लॉग स्केल आणि अक्षांच्या मर्यादा आधी ठरवा, ही ओळ शेवटी. मागाहून मर्यादा बदलल्या तर आकडे परत एकमेकांवर येतात.

चौकोन फॉन्टमुळे. मूळच्या 'डेजाव्हू सान्स'मध्ये देवनागरी नाही, म्हणून १ साठी 'ग्लिफ २४०७ मिसिंग' (या अक्षराचा आकार फॉन्टमध्ये नाही) अशी वॉर्निंग येते. 'नोटो सान्स देवनागरी' बसवून 'आरसी-पॅराम्स'मध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये) 'फॉन्ट फॅमिली' बदला. अंक सुटे असल्याने लगेच नीट दिसतील. जिल्ह्यांची नावं टाकायला गेलात तर काम वाढेल: जोडाक्षरं फुटतात, 'हिंगोली'तली वेलांटी भलतीकडे जाते.

उत्तर १ (पुन्हा):
'टेक्स्ट' वापरणार असाल तर 'क्लिप ऑन' ट्रू करा. झूम केल्यावर चौकटीबाहेर गेलेल्या ठिपक्यांचेही आकडे ते समासात छापत बसतं आणि 'टाइट' (काढलेलं सगळं मावेल एवढं चित्र ठेवणारा पर्याय) लावून सेव्ह केलं तर चित्र अवाढव्य होतं. ॲनोटेट असे आकडे आपणहून वगळतं.